दुकान नको, ठिकाण सांग

वंदनाताईंच्या पानात काहीही वाढलं की घास घेण्याआधी त्या विचारायच्या, "हे कुठलं?" अमेरिकेतल्या कॅरी गावात एका काकूंकडे एकादशीला जमलो होतो, तिथे त्यांची माझी पहिली भेट झाली. त्या नागपूरच्या, बौद्ध. उपवासाशी त्यांचा संबंध नव्हता, साबुदाण्याच्या खिचडीशी होता. मी डिश देत म्हणालो, "इंडियन स्टोअरमधलं आहे, ताई."

"दुकान नको सांगू, ठिकाण सांग. साबुदाण्याचा कंद ब्राझीलकडचा, शेंगदाणा त्याच्या शेजारचा, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोची. तुमची अख्खी एकादशी माझ्या कपाटातून आलीय, बाबू."

काकू दुखावल्या. "अहो, उपवासाचं पवित्र अन्न आहे ते."

"आहेच पवित्र. कडू कंदातलं विष काढून ज्या बायकांनी त्याचं अन्न केलं, त्यांचं नाव घेता का कधी? त्यांची रानं जळतात तेव्हा तुम्ही चॅनेल बदलता."

ताईंनी दुसऱ्यांदा खिचडी घेतली. "छान झालीय हो," त्या काकूंना म्हणाल्या, अगदी मनापासून.

ताई वनस्पतिशास्त्रज्ञ; त्यांची कपाटं जवळच्या विद्यापीठात होती. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातली झाडं तिथे वाळवून कागदांवर चिकटवलेली. प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठे सापडलं, कशाच्या शेजारी, किती उंचीवर. "तिकडे एकेका डोंगराचं रान वेगळं असतं रे," त्या सांगायच्या. "या उतारावरचं फूल त्या उतारावर नाही. त्याच्यावर बसणारी माशीही त्याच उतारावरच्या ढगात. ठिकाण गेलं की उरतो पालापाचोळा." एकदा गाडीत सहज म्हणाल्या, "गावात आमची वस्ती सांगितली की माणसं दोन पावलं मागे सरकायची. बाबा पत्ता सांगायचंच टाळत. मी तेव्हाच ठरवलं, आपण सगळ्यांचे पत्ते मोठ्यानं सांगायचे."

मग विद्यापीठाने त्या खोल्या रिकाम्या करायचं ठरवलं. नव्या इमारतीला जागा हवी होती. सगळं कॉम्प्युटरवर येणार, कपाटं दुसऱ्या राज्यातल्या गोदामात जाणार. ते कॉम्प्युटरचं काम आमच्या कंपनीला मिळालं, आणि प्रोग्रॅम मी लिहिला.

जुन्या चिठ्ठ्यांवर अक्षांश-रेखांश नव्हते. 'नदीच्या वरच्या अंगाला, खेचरांच्या वाटेच्या डावीकडे' असली वाक्यं होती. नकाशाला आकडे लागतात. म्हणून आकडे नसतील तिथे मी त्या देशाचा मध्यबिंदू भरला. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. रकाना रिकामा दिसत नाही, स्क्रीन हिरवा होतो, साहेब खूश.

ताईंनी नकाशा उघडला आणि मला बोलावून घेतलं. इक्वेडोरच्या मधोमध एक जाड टिंब होतं. बाकीचे डोंगर ओसाड.

"काऊन रे, सुनील? सगळं रान एका टिंबावर उभं केलंस? ढगातलं, दलदलीतलं, समुद्रकाठचं, सगळं एका खोलीत कोंबलंस?"

"तात्पुरतं आहे, ताई. नेक्स्ट रिलीजमध्ये फिक्स करतो."

"ही पश्चिमेची टेकडी बघ. माझ्या हाताने गोळा केलेली झाडं आहेत तिथली. तिथे खाणवाले रस्ता मागतायत. त्यांची माणसं हाच नकाशा बघणार, आणि टेकडी कोरी दिसणार, म्हणजे रस्त्याला आडकाठीच नाही. त्यांना सांगशील, नेक्स्ट रिलीजपर्यंत थांबा?"

साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "प्रोजेक्ट क्लोज झालाय, यार." मी मान हलवली. हप्ते होते, मुलीचं कॉलेज होतं. ही कारणं खरी आहेत, आणि लिहितानाही मला त्यांची किळस येते. ताई मात्र विभागप्रमुखापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांशी भांडल्या. "प्लीज, शांत व्हा," असं एका बैठकीत कुणीतरी म्हणालं. "मी शांत झाले की तुमचं काम सोपं होतं," ताई उत्तरल्या. त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कपाटं ट्रकमध्ये चढत होती तेव्हा त्या दारात उभ्या राहून प्रत्येक कपाटातल्या झाडांचं ठिकाण हमालांना ओरडून सांगत होत्या. ते मेक्सिकन तरुण आधी हसले. मग एकाने त्याच्या गावाजवळच्या डोंगराचं नाव ऐकलं आणि टोपी काढली.

ताई नागपूरला परतल्या. जाताना मला भेटल्या नाहीत.

मी शनिवार-रविवार बसून चिठ्ठ्यांच्या फोटोंवरून एकेक झाड त्या टिंबातून बाहेर काढायला लागलो. पगाराशिवाय, कुणाला न विचारता. पश्चिमेची टेकडी पुरी झाली तेव्हा धीर करून फोन लावला.

"ताई, टेकडी नकाशावर आली. सगळी झाडं आपापल्या जागी आहेत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "वरून काढलेला फोटो बघितलास का तिचा? सॅटेलाइटचा?"

बघितला होता. म्हणूनच इतके दिवस फोन करत नव्हतो. "बघितला."

"काय दिसतं?"

"रस्ता."

पलीकडे गॅसचं बटण खट्कन बंद झालं. फोन ठेवतील असं वाटलं. मग तोच खिचडीवेळचा आवाज आला, तसाच धारदार.

"मग रडतोस कशाला? पुढच्या टेकडीचं ठिकाण सांग."