मीठ आणि मशेरी

लीलाताई नर्सबाई घरात आल्या की खाटेवर न बसता आधी चुलीपाशी यायच्या. आमटीचं झाकण काढायच्या, पळीतला थेंब तळहातावर घ्यायच्या आणि चाटून डोळे मिटायच्या. पहिल्या दिवशी मी भिंतीला चिकटून उभीच राहिले.

"घाबरू नको गं. या घरातलं दुखणं कुठं शिजतंय ते बघते," त्या म्हणाल्या.

तेव्हा गंगापूर रोडच्या आत आमचा फुलांचा मळा होता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी ओवलेले हार पहाटे बाजारात जायचे. सायखेड्याला त्यांच्या भावाला अर्धांगवायू झाला, उजवा हात लुळा पडला. त्याला बघून आल्यापासून आत्याबाई हार ओवता ओवता थांबायच्या आणि बोटांची उघडझाप करून बघायच्या.

लीलाताईंनी ओट्यावर बसवून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. "मावशी, दवाखान्यात चला, डॉक्टर गोळी देतील. आणि ताटातलं मीठ, पापड, खारवलेली कैरी बंद. हात सांभाळायचाय ना?"

"मीठ नाय ते ताट कसलं?" आत्याबाई उसळल्या. "आन् तुमच्या दातांचं काय? आ करा बरं!"

लीलाताईंनी पटकन तोंडाला पदर लावला. गावभर तंबाखू सोडा सांगणारी बाई स्वतः रोज पहाटे मशेरी घासत होती! मग त्याच खो-खो हसल्या. "सापडले की हो मावशी! आमच्या माहेरी पोरीला परकराआधी मशेरी मिळते."

तिथंच करार झाला. आत्याबाईंनी वरचं मीठ सोडायचं, लीलाताईंनी मशेरी. त्या आमची आमटी चाखणार, आत्याबाई त्यांचे दात बघणार. "साक्षीदार ही तुमची सून," माझ्याकडे बोट करून लीलाताई म्हणाल्या. "बोलतच नाही, म्हणजे खोटंही बोलणार नाही."

करार दोघींनी मोडला. एकदा आत्याबाईंचं बीपी भलतंच वर गेलं. आमटी तर अळणीच होती. लीलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, झेंडूच्या टोपलीकडे. त्यांनी टोपलीवरचं ओलं फडकं उचललं, तर फुलांच्या खाली खारवलेल्या कैऱ्या!

"हिनं सांगितलं!" आत्याबाई ओरडल्या.

"ती कुठं बोलली? तिनं नुसतं खाली बघितलं."

पुढच्या खेपेला लीलाताईच तोंड मिटून, मानेनं हो-नाही करत बसल्या. "आ करा," आत्याबाई म्हणाल्या. हिरड्यांवर काळी रेघ होती. "पुतणीचं लग्न होतं, चार बाया जमल्या, राहवलं नाही," लीलाताई पुटपुटल्या. आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी उठून टोपलीतल्या उरलेल्या कैऱ्या म्हशीपुढं टाकल्या. "चला बाई, आता दोघी पहिल्यापासून."

या भांडणाची गंमत बघायला शेजारच्या बायका ओट्यावर जमू लागल्या. लीलाताई हसता हसता त्यांच्याही दंडाला पट्टा बांधायच्या. पुढं पुढं बायका आपापली आमटी वाटीत घेऊन यायच्या. लीलाताई चाखून सांगायच्या, "ही नवऱ्यावर रागावून केलीय. राग कमी कर, मीठही कमी होईल." मशेरीच्या डब्या मात्र एकेक करून आत्याबाईंनीच काढून घेतल्या. तपासणीचा अधिकार आपला आहे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

मग लीलाताईंची बदली पेठकडे झाली. मळ्याच्या आजूबाजूला इमारती आल्या. आत्याबाई खूप म्हाताऱ्या होऊन गेल्या. गेल्या त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी देवासाठी हार ओवला होता. दोन्ही हातांनी.

तेरावं झाल्यावर लीलाताई आल्या. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते, तरी आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि तळहातावर आमटीचा थेंब घेतला. "बरोबर आहे," म्हणाल्या. मग भिंतीवरच्या फोटोपुढं उभ्या राहिल्या. "मावशी, तुमचा हात राहिला बरं का शेवटपर्यंत," असं हळूच बोलल्या आणि डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "आता माझे दात कोण बघणार गं?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"आ करा," मी म्हणाले.