दादाचे दोन पिकप

“हात नको लावू व, हात नको लावू त्याले!” वस्तीतली सीतामावशी मागून ओरडली अन् तिनं माहा अंबाडाच धरून मले मागं ओढलं. तवा माहा हात दादाच्या खांद्यापासून वीतभर लांब होता. कडेवर लेकरू, त्याचा पाय तं दादाच्या सदऱ्याले लागलाच असता. दादा मंडपात उभा होता, गिटार गळ्यात, अन् मले पहिल्यांदा वाटलं का हा हसून राह्यला, दात दिसत होते ना... मंग दिसलं का हा हसत नाही. डावा हात तारेवर चिपकला होता, सुटत नव्हता, अन् गिटारचा आवाज मोठा करायच्या मशीनमधून घर्रर्र असा एकच आवाज येऊन राह्यला होता, थांबतच नव्हता. मी ओरडली का काय केलं मले आठवत नाही. मोतीरामभाऊनं कनातीचा बांबू उपटून वायरवर मारला, वायर तुटली, आवाज थांबला, अन् दादा खाली पडला. गिटार त्याच्या आंगावर. ऊन उतरलं नव्हतं अजून, बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम सुरू व्हायले तास-दीड तास होता. जीपमंधी टाकून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरनं हात पाह्यला अन् खाली ठेवून दिला.

याले आता सात हप्ते झाले. मोतीरामभाऊ दादाच्या आर्केस्ट्रात गाणं म्हणतात, ते आले होते घरी, म्हणे, “सुखदेवबद्दल काहीतरी लिहून दे बाई, पेपरात छापून येईन, तू त्याच्यापाशी होती शेवटचे चार महिने.” म्या म्हटलं भाऊ, मी सातवी शिकली, मी काय लिहू. तं म्हणे, जसं बोलते तसं लिही. म्हणून लिहून राह्यली. लेकरू झोपलं का लिहितो, उठलं का ठेवतो. चुका पोटात घाला.

दादाचं बालाघाटात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आमच्या घराच्या पुढची खोली. जळलेल्या मोटरी, पंखे, लालबर्राच्या राइस मिलच्या मोठ्या मोटरी, सारं यायचं त्याच्यापाशी, जुनी तार काढायची अन् नवी गुंडाळायची. बाबा गेले तवा मी पाच वर्षाची अन् तो चौदाचा. त्यानंच मले शाळेत घातलं अन् सातवीत माय बिमार पडली तवा त्यानंच काढलं, अन् मंग कितीक दिवस माह्यासंगं डोळे वर करून बोलला नाही. माहं लग्न भरवेलीले करून दिलं, आमचे हे तिथं मँगनीजच्या खदानीत आहेत. पहिलं बाळंतपण म्हणून मी पुसाच्या महिन्यात माहेरी आली, अन् मले भेव होतं, लय भेव होतं, शेजारची एक बाई बाळंतपणातच गेली होती. दादाले ते समजलं असन. त्यानं मले कामाले लावलं.

काम म्हणजे पिकप. ज्याले माहीत नाही त्याले सांगतो. बिजलीच्या गिटारले पोट नसते, भरीव लाकडाची फळी असते ती. तारेखाली एक चुंबकाची पट्टी बसवावी लागते, तिच्याभवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. लोखंडी तार हालली का त्या पट्टीले कळते अन् मशीनमधून आवाज निघते. ते पिकप. दादानं नागपूरहून एक जुनी गिटार आणली होती, तिचा पिकप मेलेला होता. दुसरा कोण आणून देते? तं तो म्हणे, मी मोटर बांधतो, याच्यात काय आहे, लहान मोटरच आहे ही.

शिलाई मशीनच्या चाकाले त्यानं एक लाकडाची चकती बसवली. तो हळूहळू चाक फिरवे, अन् मी पोट सांभाळत पाटावर बसून दोन बोटांतून तार सोडत राहो. जोरात धरली तं तुटे, ढिली सोडली तं गुंता. शंभर वेढे झाले का एक चिंचोका ताटलीत टाकायचा. बोलायचं नाही, श्वास बी हळू. खोटं कशाले सांगू, तेवढ्या वेळात माहं भेव जाये. एकदा शेवटच्या चिंचोक्याले मले शिंक आली अन् तार तुटली. मी रडायलेच लागली. दादा म्हणे, “रडते काहून व? त्या पोटातल्यानं शिंकलं असन, तू काहून आपल्यावर घेते?” अन् पुन्हा पहिल्यापासून बसला. तार गुंडाळून झाली का मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात बुडवायचा, नाही तं म्हणे पिकप किंचाळते. त्याच्यासाठी मायची तळणीच घेतली. माय अजून सांगते का चार दिवस भजे मेणाचे लागले.

त्यानं दोन पिकप बनवले. एक बारीक, एकच वेटोळं. दुसरा मोठा, दोन वेटोळी जोडीनं, एक सुलटं अन् एक उलटं, वरून पितळेचा पत्रा. भरवेलीच्या एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करायले गेला तवा त्यानं तिथं इंग्रजी रेकार्ड ऐकली होती, तवापासून ते त्याच्या डोस्क्यात घुसलं होतं. “गाडी मँगनीज भरून घाट चढते ना,” तो सांगे, “तसा आवाज, पण सुरात. लोखंडी आवाज.” तसा आवाज त्याले पाह्यजे होता. अन् त्याच गिटारवर बाबासाहेबांचं गीत वाजवावं लागे, लग्नात सिनेमाचे गाणे बी. आर्केस्ट्रा एक, गिटार एक, सारं त्यातूनच काढायचं. फळीत जागा बी एकाच पिकपची. म्या म्हटलं, दोन्ही बसव ना. तं म्हणे, “पाह्यलं खोदून. चीर गेली. अखीन खोदली तं मान तुटन.” म्हणून एकच निवडायचा होता.

लेकरू झालं माघात. मी वाचली, लेकरू बी. सव्वा महिना झाल्यावर दादा रोज संध्याकाळी एक पिकप बसवे, वाजवे, मंग तो काढून दुसरा. मी अन् लेकरू ऐकायले. मोठा पिकप लावला अन् मशीनचं बटन पुरं फिरवलं का भिंतीवरचे ताटं वाजत. खरंच घाट चढल्यासारखा आवाज, छातीत लागे. अन् हात काढला का एकदम शांत, घूं नाही का घां नाही. पण मोतीरामभाऊ त्यावर गाऊन पाहत तं भाऊचे शब्दच बुडून जात. बारीक पिकपात तार-तार वेगळी ऐकू ये, जशी कोणी पितळेच्या गडव्यावर टिचकी मारली, अन् बटन फिरवलं का तोही बऱ्यापैकी तापल्यासारखा वाजे, दादा म्हणे लोखंड नाही पण चुलीवरचा तवा तं आहे. फक्त घूंऽऽ असा आवाज राहे मागं, सारखा.

“सुखदेव, तुह्या गिटारमंधी गांधीलमाशी घुसली का बे?” मोतीरामभाऊ म्हणत.

“हौ, तुमचं गाणं ऐकून आली ती.”

मंग दादानं शोधून काढलं का गिटारच्या तारेले एक वायर जोडून ती मशीनच्या पत्र्याले दिली, तं बोटं तारेवर ठेवल्याबरोबर घूं बंद. एकदम बंद. मोठ्या पिकपाले असं काही करायची गरज नव्हती, त्याची उलटी-सुलटी वेटोळी आपसातच घूं मारून टाके. पण वायर लावणं दादाच्या मनात नव्हतं. तीन-चार दिवस तो मोठा लावे, बारीक लावे, मोठा लावे. मी थकली ऐकून.

शेवटी होळीच्या आदल्या दिवशी मले म्हणे, “सांग आता. वाजवणाऱ्याचा कान खोटा असते, त्याले आपला हात ऐकू येते. तू सांग, कोणता ठेवू?”

मोठ्या पिकपानं लेकरू दचके. बारीक वाजला का झोपे. मी रात्र-रात्र जागलेली, मले झोप पाह्यजे होती, दुसरं काही नाही. अन् आवाज बी गोड होता, हे खोटं नाही. म्या म्हटलं, “बारीकच ठेव, दादा. मोठ्यानं लेकरू भेते.”

“मंग तारेले वायर लावा लागन.”

“लाव ना.”

एवढंच बोलणं झालं. मी तं लेकराचे लंगोट वाळू घालत होती, मागं वळून बी पाह्यलं नाही. तो म्हणे, “बरं, भाच्याचा हुकूम,” अन् वायर जोडायची, डाख द्यायची कावी गरम करायले ठेवली.

आता जयंतीचं सांगतो. दादा बिजलीच्या बाबतीत लय सांभाळून राहे. कोणत्याही डब्याले आधी उलट्या हातानं स्पर्श करे, म्हणे करंट असला तं हात आपोआप मागं फेकल्या जाते. मले, मायले, साऱ्यायले त्यानं तशी सवय लावली होती. त्या दिवशी बी त्यानं मशीनचा डबा उलट्या हातानं पाह्यला, म्या पाह्यलं त्याले पाहताना. मशीन बोर्डापाशी होती, मंडपाच्या बाहेर, अन् त्याच्या पायात रबराच्या चपला होत्या. काही लागलं नाही. मंग तो मंडपात आला. मंडप विहारासमोर, पुढं मूर्ती अन् बाबासाहेबांचा फोटो, तिथं चपला घालून कोण येते? त्यानं चपला काढल्या, साऱ्यायच्या चपलांमंधी ठेवल्या. अन् ऊन तसलं, धूळ तसली, आम्ही बायांनी दुपारीच बादल्या भरभरून पाणी शिंपलं होतं जमिनीवर. म्या बी दोन बादल्या शिंपल्या, लेकरू मायपाशी देऊन. दादा त्या ओल्या जमिनीवर उघड्या पायानं उभा राह्यला, मोतीरामभाऊले म्हणे, “पाहा, आता गांधीलमाशी कशी मरते,” अन् घूं बंद करायले डावा हात तारेवर ठेवला.

मशीनच्या पत्र्यात करंट उतरला होता. तो वायरीतून तारेत आला. मोठा पिकप असता तं वायर नसती.

लोकं येतात, बसतात, मंडपाच्या लाइटवाल्याले शिव्या देतात. माय म्हणते, कोणाचा दोष नाही, त्याची वेळ आली होती. मी चहा देतो अन् आत जातो. घरी मी बटनाले हात लावत नाही आता, सांज झाली का चिमणी लावतो. आमचे हे न्यायले आले होते, म्हणे चल भरवेलीले, तिथं क्वार्टरमंधी लाइट आहे, पंखा आहे, लेकराले बरं. त्याच पंख्याचं मले भेव वाटते. म्या म्हटलं, मायपाशी राहू द्या अखीन पंधरा दिवस. लेकरू घोंगडीवर पालथं पडायले लागलं, कुठं वायर दिसली का माहा जीव उडते.

गिटार दादाच्या खोलीत खुंटीले टांगली आहे. मोतीरामभाऊ मागायले आले होते, मायनं दिली नाही, म्या बी नाही. मोठा पिकप मात्र फळीवर पत्र्याच्या डब्यात आहे, चिंचोक्यांसंगं. मायचा डब्यात हात गेला का सुया, पिना, साऱ्या त्याले चिपकून राहतात, अन् ती एक-एक उपटून पदराले लावते. तो कसा वाजते ते तिले माहीत नाही. चुंबक आहे, दादानं गिटारसाठी बनवला, एवढं माहीत.

परवा सकाळी पिना काढता काढता तिनं तो उलटून पालटून पाह्यला. पितळ घासून चकचकीत केलं होतं दादानं, ते पदरानं पुसलं. म्हणे, “हा तं किती मेहनतीचा दिसते व, बाई. दोन-दोन गुंडाळे. मंग गिटारले हा काहून नाही लावला त्यानं?”

लेकरू मांडीवर होतं. माय माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं, हातात पीन तशीच. म्या लेकराचं झबलं सारखं केलं... अन् अजून एकदा सारखं केलं. हा कागद छापून आला तं मायले वाचता येत नाही, ती मलेच म्हणन, वाचून दाखव. सांगा, तुम्ही माह्या जागी असते तं तिले काय सांगतलं असतं?