अर्धेमामा

आमच्या मामांच्या घराची पुढची भिंत निम्मी निळी आणि निम्मी पांढरी होती. निळा रंग त्यांनी स्वतः रजा काढून लावायला घेतला होता. दाराच्या चौकटीपर्यंत आले आणि थांबले. पाहुण्यांना रायपूरच्या गुढियारीत घर सापडत नसे तेव्हा आम्ही सांगायचो, "आधी नीली, आधी सफेद दीवार," आणि रिक्षावाले न चुकता दारात आणून सोडायचे. मामांना या पत्त्याचा अभिमानच होता.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. आजोबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मामा नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात होते. नाव दिलीप, पण आई त्यांना चिडून एकदा "अर्धेमामा" म्हणाली, आणि पुढे ते नाव आमच्या साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, झालं. शेजारची मुलंसुद्धा फाटकाशी येऊन "अर्धेमामा आहेत का" म्हणून विचारायची आणि मामा आतून "हव" म्हणून बाहेर यायचे.

त्यांचं अर्धेपण आळसाचं नव्हतं. पेटी शिकायला बसले तेव्हा पहाटे उठून शिकले; एक राग बोटांत बसला आणि पेटी मिटली. शेजारच्या राव कुटुंबाशी बोलता यावं म्हणून तेलुगू शिकले. अक्षरं लिहायला येऊ लागली आणि बोलण्याआधीच पुस्तक बंद झालं. सायकल पूर्ण उघडली, प्रत्येक भाग पुसून वर्तमानपत्रावर मांडला, आणि जोडायला शेवटी दुकानदाराला बोलवावं लागलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "समजलं न मले, हे काय आहे ते. आता अजून काय करायचं?" एखादी गोष्ट कशी चालते हे कळेपर्यंत त्यांना तहानभूक नसायची. कळली की तिच्यातला रस संपायचा.

आम्हाला याची गंमत वाटायची, कारण त्या घरात आम्ही येऊन-जाऊन होतो. त्यांची मुलगी जुई हिला वाटत नसे. बारावीच्या वर्षी तिचं गणित आपण घेऊ, असं मामा म्हणाले होते. रोज संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर बसायची. मामा इतकं छान शिकवायचे की मामी स्वयंपाक सोडून ऐकत उभ्या राहायच्या. त्रिकोणमिती झाली आणि एका संध्याकाळी मामा बसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जुईने शिकवणी लावली आणि पासही झाली, पण त्यानंतर मामा काहीही करणार म्हणाले की ती फक्त "ठीक है पापा" म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. ते "ठीक है" ऐकून मामा दुसऱ्या खोलीत जायचे.

पळण्याचं सुरू झालं ते कार्यालयाच्या बसमुळे. संध्याकाळची बस चुकली की नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर दुसरं काही मिळत नाही. मामा पुढच्या चौकापर्यंत चालत जायचे. मग चालण्याऐवजी पळून पाहिलं. तिथे रविवारी सकाळी पळायला येणारे काही जण भेटले. वर्षभराने मामांनी जाहीर केलं की जगदलपूरला मॅरेथॉन आहे आणि ते पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळणार आहेत.

आई म्हणाली, "हाफ पळ न. तुले शोभते ते."

मामा म्हणाले, "हाफ तं मी जन्मभर करून राहिलो, ताई."

त्यावर सगळे हसले. जुई म्हणाली, "ठीक है पापा."

आम्ही शनिवारी सकाळी माझ्या गाडीने निघालो. मी चालवत होते, शेजारी मामा, मागे आई, मामी आणि जुई. जुईला यायचं नव्हतं. मामींनी तिला इतकंच सांगितलं होतं की मला सोबत पाहिजे. धमतरीला आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, खायला थांबलो. मामांनी एकही घेतला नाही. "उद्या पळायचं आहे," म्हणाले, आणि आम्ही खाताना आमच्याकडे बघत बसले. केशकालच्या घाटात त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, उतरून चढावर थोडं पळून पाहिलं आणि परत येऊन बसले. "श्वास बरोबर आहे," ते मामींना म्हणाले.

मामी म्हणाल्या, "बसा आता गुपचूप."

दुसऱ्या दिवशी डिकी उघडली तेव्हा मला दिसलं की मामींनी एका पिशवीत मामांच्या घरातल्या चपला आणल्या आहेत. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मध्येच थांबतीन तं पायात घालायले पाहिजे न काही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. छत्री घ्यावी तशा त्यांनी चपला घेतल्या होत्या.

शर्यत पहाटे धुक्यात सुरू झाली. गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं आणि सालाची झाडं होती. आम्ही बाहेरच्या रस्त्याने पुढे जाऊन एका गावाजवळ, पुलाच्या अलीकडे थांबलो. शेवटचे दहा-अकरा किलोमीटर तिथून राहत होते. आधी बारीक, काटक पोरं वाऱ्यासारखी गेली. मग आमच्यासारखे दिसणारे लोक आले, मग चालणारे आले. ऊन वर चढलं. आई प्रत्येक निळ्या बनियनला "आला, आला" म्हणत उठायची आणि परत बसायची. जुई कानात गाणी लावून गाडीतच होती.

मामा आले तेव्हा रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. ते उजवा पाय ओढत होते. आम्हाला पाहून हसले, पुलाच्या कठड्यावर बसले आणि पाणी प्यायले.

"समजलं मले," ते म्हणाले. "मॅरेथॉन काय असते ते समजलं. तीसपर्यंत पायाची असते. त्याच्यानंतर कशाची असते तेही समजलं."

आई म्हणाली, "खूप झालं दिलीप. एवढं तरी कोणी केलं आपल्या घरात?"

मामींनी डबा उघडला. तिखट पुऱ्यांचा वास आला. मग त्यांनी पिशवीतून चपला काढून मामांच्या पायाशी ठेवल्या. मामा वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

गाडीचं दार वाजलं. जुई आली. तिने चपला उचलल्या. मला वाटलं डिकीत टाकेल. तिने स्वतःच्या उंच टाचांच्या सँडल काढल्या आणि त्या चपला पायात घातल्या. तिला त्या बऱ्याच मोठ्या होत होत्या.

"पापा, चलिए," ती म्हणाली.

मामा म्हणाले, "बेटा, पाय चालून नाही राहिला. खोटं नाही सांगत."

"मालूम है. धीरे चलेंगे. मैं साथ में हूँ न."

"टाइम संपून जाईन तोपर्यंत."

"टाइम का किसने बोला? आपने बोला था पूरा करेंगे. मैंने सुना था."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मामींच्या हातात पुरी तशीच होती. मग मामांनी सोडलेली नाडी पुन्हा बांधली. जुईने हात दिला आणि दोघं निघाली. ते डांबरावरून, ती कडेच्या मातीवरून.

आम्ही गाडी थोडी पुढे न्यायचो, थांबायचो, ती दोघं आली की पाणी द्यायचो, पुन्हा पुढे जायचो. सुरुवातीला दोघं नुसती समोर बघत चालत होती. नंतर पाहिलं तर जुई हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि मामा मान हलवत होते. त्याच्यानंतर पाहिलं तर मामा बोलत होते आणि ती खाली बघून चालत होती. एकदा ती दोघं रस्त्याच्या मधोमध थांबून हसत होती. कशावर हसलात, असं मी मागाहून दोघांनाही विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही.

मैदानावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेवटच्या रेषेवरची हवेची कमान हवा सोडून जमिनीवर पसरली होती, माणसं मांडवाचं कापड उतरवत होती. जिथे कमान असावी तिथून मामा पार झाले. खुर्च्या उचलणाऱ्या एका माणसाने विचारलं, "भैया, कुर्सी दूँ क्या?" मामा बसले. संयोजकांपैकी एकाने खोका पुन्हा उघडून पदक शोधलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. मामींनी त्यांचे बूट काढले, पायांकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसत दुसरीकडे वळल्या. जुईच्या पायाच्या अंगठ्यांना फोड आले होते. ते तिने गाडीत बसेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही.

परतीच्या वाटेवर ती पुढे माझ्या शेजारी होती आणि मामा मागे, मामींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. कोंडागावच्या पुढे ती हळूच म्हणाली, "दीदी, गाड़ी आराम से चलाना."

मामा त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन पळले नाहीत. भिंतही तशीच राहिली. पण दर रविवारी पहाटे ते नवा रायपूरला जायचे, आपलं थोडंसं पळणं आटोपायचे, आणि रस्त्याच्या एका वळणावर लिंबूपाण्याचा जार घेऊन थांबायचे. लवकर येणाऱ्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. सगळे घरी गेले तरी ते उभेच असायचे. एकदा उन्हाळ्यात मी त्यांना विचारलं की मामा, इतक्या उन्हात काहून थांबता?

ते म्हणाले, "शेवटी पोचलो आणि तिथं कोणीच नाही, तं कसं वाटते ते मले माहीत आहे. माह्यासोबत तं जुई होती. सगळ्यांजवळ कुठं असते?"

जुई पुढे नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि मामा तो घेऊन गच्चीवर जायचे. मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधाच वाटला. दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत मामा गेले. जुई पोहोचली तेव्हा ते शुद्धीवर होते, एवढं बरं झालं.

महिनाभराने एका रविवारी पहाटे मामींचा फोन आला. त्यांनी सवयीने लिंबूपाणी करून ठेवलं होतं. "आता फेकायचं काहून," त्या म्हणाल्या. मी गाडी काढली आणि आम्ही दोघी जार घेऊन त्या वळणावर गेलो. पळणाऱ्या मंडळींना माहीत होतं. कोणी हात जोडले, कोणी मामींच्या पाया पडले, पाणी प्यायले आणि निघून गेले. रस्ता रिकामा झाला. जार उचलणार तेवढ्यात सलवार-कुर्त्यातली एक जाडजूड बाई लांबून चालत येताना दिसली. जवळ आली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "भैया आज भी नहीं आए?"

मी सांगितलं. मामींनी ग्लास भरून तिच्या हातात दिला. तिने तो उभ्याउभ्याच संपवला, परत दिला आणि आल्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"दीदी, पीछे एक और हैं. बुजुर्ग हैं, बहुत धीरे आते हैं."

मामी फुटपाथच्या कडेवर बसल्या. "येऊ दे त्यांले," म्हणाल्या.