नवव्या फ्रेमचा कोपरा

"नऊ नंबरची फ्रेम. भिंतीवर तीच लागणार," मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी आर्णीतल्या माझ्या स्टुडिओत भिंग घेऊन उभा होतो. म्हटलं, "मॅडम, चार नंबर बघितली का? ती जास्त नीट आलीय."

"नीट आलीय म्हणूनच नको. नऊमध्ये जीव आहे. कोपऱ्यातली ती बाई बघा, कशी हसतेय."

कोपऱ्यातली बाई मी आदल्या दिवसापासून बघत होतो. त्यामुळेच मला जेवण गेलं नव्हतं.

मॅडम नागपूरच्या. बंजारा तांड्यांच्या जीवनावर एक दालन उभारायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यात एक अख्खी भिंत भरेल असा फोटो हवा होता. काम माझ्याकडे आलं त्याला दोन कारणं. एक, मी स्वतः तांड्यातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बी.ए. झालो, नोकरीच्या मागे लागलो नाही, स्टुडिओ टाकला. हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगून ठेवतो. दुसरं कारण, माझ्याकडचा जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा.

मिडियम फॉरमॅट म्हणजे मोठ्या फिल्मचा कॅमेरा. साध्या फिल्मची फ्रेम पोस्टाच्या तिकिटाएवढी असते, याची सहा सेंटिमीटर बाय सहा. एका रोलवर फक्त बारा फोटो. पण फोटो भिंतीएवढा केला तरी पागोट्याचा पीळ न् पीळ दिसतो. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डाव्याचं उजवं दिसतं. सवय व्हायला मला एक वर्ष लागलं.

फोटो काढायचा होता शेजारच्या तांड्याच्या नायकाच्या घरासमोर. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. मधे तो, आजूबाजूला तीसेक माणसं, मागे घर. माझ्या पाठीशी बैलांचा कोठा. मागे सरकायला जागाच नाही. म्हणून पन्नासची लेन्स लावली. लहान कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स साधी असते. या कॅमेऱ्यावर तीच वाइड अँगल होते. जवळून बरंच काही फ्रेममध्ये घेते. पण तिच्या दोन खोडी आहेत. कडेला जे येतं ते रुंद होतं, आणि कॅमेऱ्याच्या जवळ जे असतं ते फार मोठं दिसतं.

तिसरी खोड पुस्तकात सापडणार नाही. कडेच्या माणसाला कळतच नाही की आपण फोटोत आहोत. कॅमेऱ्याचं तोंड नायकाकडे असतं. त्याला वाटतं, आपण सुटलो.

नायकाची धाकटी सून कविता हापशीवर बादली भरायला आली, तिलाही तसंच वाटलं. मी त्या वेळी नायकाचा चेहरा बघत होतो आणि घराच्या भिंती तिरप्या होऊ नयेत म्हणून कॅमेऱ्याची लेव्हल बघत होतो. कोपरा बघितला नाही. चूक माझीच.

घरी फिल्म धुतली तेव्हा दिसलं. मधे लाल पागोटं बांधून गंभीर बसलेला नायक. आणि कोपऱ्यात, हापशीशी, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, मान मागे टाकून खदाखदा हसणारी त्याची सून. सासऱ्यासमोर आमच्या बायका चेहरा झाकतात. थेट बोलतसुद्धा नाहीत. आणि हा फोटो लागणार होता भिंतीभर. उद्घाटनाला पहिल्या रांगेत नायक बसणार होता.

बाराही फ्रेम ठरल्याप्रमाणे मोबाइलवर मॅडमना पाठवल्या होत्या. फोनवर त्यांना मी हे सांगितलं.

"पण परवानगीचा कागद आहे ना आपल्याकडे?"

"आहे. नायकाची सही आहे."

"मग? तुम्हीच म्हणालात, नायकानं शब्द दिला की तो सगळ्या तांड्याचा."

म्हणालो होतो. कागदही मीच लिहिला होता, चांगल्या शुद्ध भाषेत. तीस माणसांचा फोटो आणि सही एक. आमच्यात ती पद्धतच आहे, त्यामुळे लिहिताना मला काही खटकलं नव्हतं.

"सोमवारी स्कॅन पाठवा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस कामात लक्ष लागेना. एका पोराचे पासपोर्ट फोटो काढले, तर त्याचा कानच कापला. मनात आलं, निगेटिव्हवर ओरखडा पडला म्हणून सांगावं. मग स्वतःचीच लाज वाटली. रविवारी सकाळी चार आणि नऊ, दोन्हींचे प्रिंट पाकिटात घातले आणि गाडीला किक मारली. वाटेत दोनदा थांबलो. एकदा तर गाडी वळवलीही होती.

नायक अंगणात बाजेवर बसला होता, बायको जवळच उभी होती. आमचं बोलणं गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत झालं, इथं वऱ्हाडीत लिहितो.

"ये प्रकाश. फोटो आणले का?"

मी चार नंबर हातात दिला. त्यानं लांब धरून पाहिला. "बरा हाये. अन् त्या पाकिटात काय हाये?"

"ते काकीला दाखवायचं हाये," मी म्हणालो आणि त्याच्या बायकोच्या हातात पाकीट दिलं. दुसरं काही सुचलं नाही. काकी आत गेली. आत कविता चहा करत होती.

नायक कापसाच्या वेचणीचं बोलत होता, मी हो हो म्हणत होतो. काय बोलला ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

मग काकी दारात आली. तिच्या मागे कविता, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कविता हळू बोलायची आणि काकी मोठ्यानं पुढे सांगायची. नायक चार हातांवर होता, त्याला दोन्ही ऐकू येत होतं.

"त्याइले इचारा, माह्यं तोंड एवढं रुंद हाये का?"

"ती म्हणते, तोंड रुंद काहून केलं?"

"लेन्सनं होते काकी. कडेला आलं का पसरते."

"मंग मले कडेला कायले घेतलं?" पदराआडून कविता.

नायक म्हणाला, "काय चालू हाये? आण इकडं."

काकीनं माझ्याकडे पाहिलं, कविताकडे पाहिलं, आणि फोटो दिला. मी बाजेचा सुंभ धरून बसलो.

नायकानं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "मी एवढासाच काहून दिसून राह्यलो? हापशी माह्याहून मोठी."

"हापशी जवळ होती काका. तुम्ही लांब."

"अन् ही हसून कायले राह्यली? इचार तिले."

कविता काहीतरी पुटपुटली. काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "ती म्हणते, एवढी मोठी माणसं ताठ बसली समोर, अन् हा फोटोवाला आपल्याच पोटाकडं पाहून राह्यलता."

नायक खोकला का हसला, मला कळलं नाही.

मी सगळं सांगून टाकलं. भिंत, दालन, मॅडम, सोमवार. म्हटलं, "हिले इचारल्याबिगर मी पाठवणार नाही."

"इचारायचं काय?" नायक म्हणाला. "मी सही केलती ना."

काकीच्या मागून आवाज आला. या वेळी हळू नव्हता. "सही तुमची. तोंड माह्यं."

काकीनं हे पुढे सांगितलं नाही. गरज नव्हती. तिनं आतून चहा आणून दिला. नायकानं तो बशीत ओतला, संपवला, बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुह्या कागदावर तिच्या सहीची जागा होती का?"

"नव्हती."

"बी.ए. झाला ना तू?"

मीही माझा चहा बशीत ओतला.

कविताचा निरोप काकीनं आणला. भिंतीवर नाही लावायचा. हा फोटो तिला स्वतःला ठेवायचा आहे. आणि आता कॅमेरा आणलाच असेल तर तिचा एक नीट काढायचा, मधे उभं करून.

गाडीच्या डिक्कीत कॅमेरा होताच. साधी लेन्स लावली. कविता घराच्या भिंतीशी उभी राहिली, पदर कपाळापर्यंत, हात सरळ, ओळखपत्रावर असतात तशी. हसली नाही. फोटो ठीक आला. जीव वगैरे काही नाही त्यात.

सोमवारी मी चार नंबर पाठवला आणि कारण खरं लिहिलं. मॅडमचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुम्ही काम घेताना हे बघायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं. भिंतीवर चार नंबर लागला. उद्घाटनाला नायक पहिल्या रांगेत बसला आणि आपलं पागोटं केवढं मोठं दिसतं ते शेजारच्यांना दाखवत राहिला. मॅडमनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

आता वाइड लेन्स लावली की मी आधी दोन्ही टोकांपर्यंत चालत जातो आणि म्हणतो, तुम्ही पण फोटोत आहात बरं का. मग कागद फिरवतो. पन्नासच्या लेन्सला तीस सह्या लागतात. वेळ फार जातो, आणि तोवर ऊन उतरतं.