पुढची चाकं लागेनात

क्लॅरी ट्रेगोवन माणूस म्हणून लाख चांगला, पण त्याच्याबरोबर तासभर काढायचा म्हणजे डोक्याला ताप. त्याचं बूड कुठे टेकतच नाही. माझ्या रोडहाउसवर तो वर्षानुवर्षं येतोय, पण त्यानं चहाचा कप संपवलेला मी कधी पाहिला नाही. दोन घोट घेतो, उठतो, दारापर्यंत जातो, आभाळ बघतो, परत येतो आणि तिसरा घोट उभ्या उभ्याच घेतो. हल्ली मी त्याला अर्धाच कप देते. उगाच दूध कशाला नासायचं?

मी कोरल. डांबरी रस्ता संपतो आणि नदी सुरू होते त्या जागी माझा पेट्रोलपंप आहे, खाण्याची खोली आहे आणि मागे पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये मी गाड्या दुरुस्त करते. वायरिंगचं काम वडिलांनी शिकवलं आणि वडिलांसारखाच तापटपणाही फुकटात मिळाला. क्लॅरी आणि त्याची बायको एव्हिस पलीकडच्या काठापासून बरंच आत राहतात. त्यांचं गुरांचं रान एवढं मोठं की एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत जायचं तर डबा बरोबर न्यावा लागतो, आणि त्यात राहणारी माणसं दोनच. क्लॅरी सत्तरी ओलांडून गेला तरी पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरतो. गेल्या थंडीत गुरांच्या हौदाजवळ तो छाती धरून कोसळला होता. लोकांना वाटलं, आता तरी जरा निवांत होईल. कसलं काय.

आमची नदी बहुतेक वेळ नुसती भेगाळलेली काळी माती असते. वर उत्तरेला पाऊस झाला की त्याचं पाणी कितीतरी दिवसांनी आमच्यापर्यंत पोचतं. इथे आभाळ निळंभोर असतं, धूळ उडत असते आणि त्या धुळीतूनच पाणी माणसाच्या चालीनं येतं. एकदा आलं की महिना दीड महिना या काठाचा माणूस या काठावर आणि त्या काठाचा त्या काठावर. मधे फक्त विमान, तेही जिवावर बेतलं तरच.

त्या दुपारी क्लॅरी गावातून परत निघाला होता. पिकअपच्या मागे गॅसचा सिलिंडर आणि कोंबड्यांच्या खाद्याची पोती होती. नदीत उतरण्याआधी सगळेच माझ्याकडे थांबतात, टायरमधली थोडी हवा सोडतात आणि पुढच्या चाकांना जोर लावणारं बटण फिरवून बघतात. क्लॅरीनं बटण फिरवलं. समोरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तो दोन-चार वेळा लुकलुकून स्थिर व्हायला हवा. तो लुकलुकतच राहिला.

"कोरल, पुढची चाकं लागेनात."

"लागतील. किल्ली दे आणि बाजूला हो."

"वेळ नाही गं. पाण्याचं तोंड नदीच्या पहिल्या फाट्याजवळ आलंय. अंधार पडायच्या आत रस्तेवाले आडवा दांडा टाकतील."

"मग जा की मागच्या दोन चाकांवर."

"सकाळी कोरड्यावरून आलो. आता त्या चिखलात? मधोमध रुतून बसेन." त्यानं टायरला लाथ मारली, बॉनेट उघडलं, आत न बघताच बंद केलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सकाळपासून एव्हिस रेडिओ उचलत नाहीये."

त्या घरात रेडिओ म्हणजे शेजारी, डॉक्टर, पोस्टमन सगळं तेच. एव्हिस आंघोळीला गेली तरी रेडिओवर सांगून जाते. ती सकाळपासून गप्प असेल तर पडली असेल, साप चावला असेल, काहीही असेल. मी पाना उचलला आणि कामाला लागले.

विजेचा बिघाड शोधायचा तर घाई करून चालत नाही. एक टोक धरायचं आणि एकेक पायरी खाली उतरायचं. एक पायरी गाळली की परत पहिल्यापासून. आणि माझ्या डोक्यावर क्लॅरी उभा.

"फ्यूज बघितलास?"

"बघतेय."

"बॅटरी?"

"फ्यूज झाला की बॅटरी."

"फ्यूज नीट बघितलास ना? कधी कधी वरून चांगला दिसतो."

"क्लॅरी, आता बोललास तर हा फ्यूज तुझ्याच तोंडात घालीन."

फ्यूज चांगला होता. बॅटरी ठणठणीत होती. मी गाडीखाली आडवी झाले आणि त्याला बटण फिरवायला सांगितलं. गाडीच्या पोटात, पुढच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या मधल्या पेटीची मोटर घर्रकन फिरली. म्हणजे बटण जिवंत, वरचा मेंदू जिवंत, मधली पेटीही लागली. उरली फक्त पुढच्या आसावरची छोटी मोटर, चाकांना शेवटचा हात देणारी. मी सरकत पुढे गेले आणि तिच्याजवळ कान नेला.

"फिरव."

काही नाही.

"परत."

चिडीचूप. आता दोनच गोष्टी असू शकत होत्या. मोटर मेली असेल, नाहीतर तिच्यापर्यंत करंट पोचत नसेल. मोटर मेली असेल तर नवी दक्षिणेतल्या शहरातून यायची, म्हणजे आजचा विषयच संपला. करंट नसेल तर अजून आशा होती. पण ते बघायला मोटरच्या प्लगपर्यंत हात जायला हवा, आणि खाली दगडांपासून वाचवणारी जाड लोखंडी प्लेट होती. आमच्या मातीत असल्या प्लेटचे बोल्ट असे बसतात की ते काढताना माणसाच्या तोंडून देवाचं नाव सोडून सगळं बाहेर पडतं.

क्लॅरी शेडमध्ये येरझाऱ्या घालत होता. मला खालून त्याचे फक्त बूट दिसत होते. मधेच ते रेडिओकडे जायचे, "एव्हिस, एव्हिस, ऐकतेस का," असं दोनदा ऐकू यायचं आणि बूट परत यायचे. त्या माणसाची मला तेव्हा खरंच कीव आली. हातोडी जवळ घेऊन मी पहिल्या बोल्टला पाना लावला, आणि तो लोण्यातून निघावा तसा निघाला.

दुसराही तसाच. बोल्टच्या डोक्यांभोवतीचा चिखल खरवडलेला होता आणि आट्यांना ताजं ग्रीस होतं.

"क्लॅरी, ही प्लेट इतक्यात कुणी काढली होती?"

"कुणी नाही. एव्हिसनं काढली असेल कधीतरी. गाडीचं तीच बघते."

ते खरंच होतं. त्या घरात पाना तिचा. एक बोल्ट निघेपर्यंत पडून राहायचं क्लॅरीला जमत नाही.

प्लेट खाली आली. प्लग निघालेला होता. तुटलेला नव्हता की उंदरानं कुरतडलेला नव्हता. कुणीतरी खटका दाबून तो नीट वेगळा केला होता. आत धूळपाणी जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली होती, वर टेप लावली होती आणि त्यावर पिवळ्या कापडाची चिंधी बांधली होती.

आमच्या भागात चिंधीला मान आहे. तुम्ही पंपाची तार सोडवली, पाण्याचा कॉक बंद केला, पवनचक्की अडकवून ठेवली की तिथे चिंधी बांधायची. म्हणजे दुसऱ्याला कळतं की हे आपोआप झालेलं नाही, कुणीतरी समजून केलंय, कदाचित तो माणूस अजून वर चढलेला असेल. आणि ज्यानं बांधली त्याला विचारल्याशिवाय ती सोडायची नाही. हे न पाळल्यामुळे मेलेली माणसं आम्हाला नावानिशी माहीत आहेत. एव्हिसनं नवऱ्याची गाडी गुपचूप बिघडवली, पण चिंधी बांधल्याशिवाय तिच्याच्यानं राहवलं नाही.

बूट थांबले. "काय गं? सापडलं का?"

"इकडे ये. आडवा हो."

"मला वेळ..."

"आडवा हो म्हणते ना."

तो कुरकुरत माझ्याशेजारी आडवा झाला. मी टॉर्च धरला. त्यानं चिंधी बोटात धरून बघितली.

"आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याची आहे," तो म्हणाला.

मग दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली असणार, कारण तो माझ्याकडे बघेना. हौदाजवळ पडल्यानंतर डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, छातीत छोटं यंत्र बसवायला हवं, नाहीतर पुढचा झटका शेवटचा. शहरातल्या इस्पितळानं दोनदा तारीख दिली. एकदा यानं गुरांचे ट्रक यायचेत म्हणून टाळलं, एकदा आता बरं वाटतंय म्हणून. तिसरी तारीख याच आठवड्यातली होती. आणि त्याच सकाळी माझ्या काउंटरशी उभा राहून हा शहाणा हसत म्हणाला होता, "एकदा पलीकडे पोचलो आणि पाणी आलं की सुटलो." गाडी इथेच अडली असती तर हा इस्पितळाच्या काठावरच अडकला असता.

"सोड ती चिंधी," क्लॅरी म्हणाला.

"मी नाही सोडणार. बांधणारीला विचार."

"कोरल, गाडी माझी आहे."

"गाडी तुझी, गाठ तिची. विचार."

तो उठला. त्यानं रेडिओचा माइक हातात घेतला. "एव्हिस," तो म्हणाला, "चिंधी सापडली."

उत्तर लगेच आलं. बाई सकाळपासून रेडिओजवळच बसून होती.

"इतक्यात? कोरलनं शोधली ना? तुला जन्मात सापडली नसती."

"सकाळपासून बोलली का नाहीस? काळजीनं मेलो असतो मी."

"तुझ्याशी बोलले असते तर माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं."

"तू एकटी कशी राहशील तिकडे?"

"तू असताना तरी कुठे घरात असतोस? मला सवय आहे."

"कोंबड्यांचं खाद्य..."

"खाद्य भरपूर आहे. तुला उगाच पाठवला."

नदीच्या दोन्ही अंगांचे लोक याच रेडिओवर ऐकत असतात. एरवी कुणीतरी मधे नाक खुपसतंच. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

"मी येतोय," क्लॅरी म्हणाला. "कोरलला सांग, सोड म्हणून."

मग एव्हिस बोलली, पण तो पहिला आवाज आता राहिला नव्हता.

"हौदापासून मी तुला गाडीपर्यंत ओढत आणला, क्लॅरी. तू दोनदा माझ्या हातातून सुटलास. दोन्ही वेळा मला वाटलं, गेला. तुला ते आठवत नाही, तू शुद्धीत नव्हतास. मला रोज आठवतं. परत तसं ओढायची ताकद माझ्यात नाही, एवढंच सांगायचं होतं. समोर बसवून सांगितलं असतं, पण तू बसतोस कुठे? कोरल, ऐकतेस ना? सोड ती चिंधी. बांधून ठेवलेला नवरा मला नकोय."

मी परत खाली गेले आणि गाठ सोडली. टेप काढली, प्लग खट्टकन बसला. क्लॅरीनं बटण फिरवलं. खाली मोटर किर्रकन वाजली, हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

"काठापर्यंत मी येते," मी म्हणाले. "चाकं धरतात की नाही ते बघायला."

मी शेजारी चढून बसले आणि आम्ही उतारावरून नदीकडे निघालो. पाणी पोचलं होतं. काड्या, फेस, मेलेले टोळ पुढे ढकलत ते भेगांमध्ये शिरत होतं, भेग भरली की पुढच्या भेगेत. पलीकडचा रस्ता अजून दिसत होता. जाता आलं असतं. मी स्वतः गेले असते, इतकं सोपं होतं ते.

क्लॅरीनं पुढची चाकं कडेच्या पाण्यात घातली आणि थांबला. इंजिन चालू. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर कमी-जास्त होत होता. मला ओरडावंसं वाटलं, त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली, रडावंसंही वाटलं. पण मी खाली चाकाकडे बघत बसले. पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलं.

"मी शुद्धीत नव्हतो," तो म्हणाला. "दोनदा सुटलो हे तिनं मला कधी सांगितलंच नाही."

मग त्यानं गाडी मागे घेतली. चारही चाकांनी चिखल धरला आणि आम्ही सावकाश वर कोरड्यात आलो. तो खाली उतरला. मला वाटलं, झालं, आता परत येरझाऱ्या. पण तो गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि त्यानं दार उघडलं.

"सरक तिकडे," तो म्हणाला. "तू चालव. गावात नर्सकडे सोड मला, ती इस्पितळात पाठवील. नाहीतर मी अजूनही मन बदलेन."

लग्नाच्या दिवशीसुद्धा ज्यानं दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नव्हतं, तो माणूस माझ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसला. मी रोडहाउस उघडंच टाकलं आणि तशीच गावाच्या दिशेनं गाडी काढली. तो अंग वळवून मागच्या काचेतून बघत होता. नदी दिसेनाशी झाली तरी त्यानं मान पुढे केली नाही.