साडूच्या करट्या आणि माझा ढोल

आमच्या साडूएवढा भांडखोर माणूस विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि आता होणारही नाही. त्याचं समुद्राशीसुद्धा पटत नसे. भरतीचं पाणी वाटेवर आलं की छत्री उगारून म्हणायचा, "मागे सर रे, माका बाजारात जावचा आसा!" त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, म्हणून तो माझा साडू. एरवी असल्या माणसाच्या वाऱ्याला मी उभा राहिलो नसतो.

मुंबईला गिरणीत होता. तिथून परतला तो पायाने चालवायचं छापखान्याचं मशीन घेऊन. बोटीतून उतरवताना हमाल त्याला शिव्या देत होते आणि हा त्यांना युनियन काढा म्हणून सांगत होता. मालवणच्या बाजारामागे एका कौलारू खोपटात त्याने दलितांसाठी साप्ताहिक सुरू केलं. लिहायचा हाच, छपाईचे खिळे जुळवायचा हाच, मशीनवर पाय मारायचा हाच. आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं असेल त्याच्या घरी पहिला अंक स्वतः नेऊन द्यायचा. त्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

आता त्या काळी आमच्या माणसाला कोणी कप देत नसे. मोठ्या घरी गेलं तर खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला बसवायचे आणि करटीत, म्हणजे नारळाच्या करवंटीत, वरून चहा ओतायचे. साडू तो चहा मिटक्या मारत प्यायचा. मग करटी धुऊन झोळीत टाकायचा आणि म्हणायचा, "ही आता तुमका उपेगाची नाय, मगे मीच व्हरतंय." छापखान्याच्या भिंतीवर त्याने त्या ओळीने टांगल्या होत्या, प्रत्येकीवर घरमालकाचं नाव छपाईच्या शाईने. देवबागची एक होती, कुणकेश्वरची एक. लोक अंक घ्यायला कमी आणि करट्या बघायला जास्त येत.

आपल्या माणसांनाही त्याने सोडलं नाही. माझ्यावर लिहिलं, "आमच्या वाडीत एक ढोलवाला आहे. हात सोन्याचे, पण हुकूम दुसऱ्याचा." मी दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षराला अक्षर लावून ते वाचलं आणि अख्खा पावसाळा त्याच्याशी बोललो नाही. गावच्या देवळात माझा बाप वाजवायचा, त्याच्यामागे मी. गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, मान हलवली की सुरू, हात वर केला की बंद. माझ्यासारखी थाप पंचक्रोशीत कोणाची नव्हती, हे आजही कोणी नाकारून दाखवावं.

पुढे आम्ही बौद्ध झालो, वाडीने देवळातलं वाजप सोडायचं ठरवलं, आणि मी ढोल वाशाला टांगला. साडूने लिहिलं म्हणून नव्हे. माझ्या मनात आलं म्हणून.

जत्रा तोंडावर आली तसा गावकार स्वतः छापखान्यात आला. मी तिथेच बाकड्यावर बसलेला, पण तो बोलला साडूशी. "तुझ्या साडवाक सांग. ढोल नसलो तर देव भायर पडाचो नाय."

"आदी चाय घेवा," साडू म्हणाला. त्याने भिंतीवरची एक करटी काढली, पुसली आणि चहा ओतून पुढे केली. तिच्यावर गावकाराचंच नाव होतं.

"कप नाय तुझ्याकडे?"

"आसत मगे. पण ते आमचे. तुमची वस्तू तुमकाच दिलेली बरी."

गावकाराने करटी बाजूला सारली. साडू अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आणि ढोलाचा माका कित्याक सांगतास? ढोलवालो समोर बसलो आसा. तेका इचारा."

गावकाराने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ढोल माझो, हात माझे. मी वाजवचंय नाय."

तो उठून गेला. चहा तसाच राहिला. साडूने तो पिऊन टाकला. साखर फुकट घालवणं त्याला पटत नसे.

दुसऱ्या दिवशी गावकाराने आपल्या बागेतून जाणारी आमच्या वाडीची वाट काटेरी वय, म्हणजे कुंपण, घालून बंद केली. बाजाराला जायचं तर ओहोटी बघून, समुद्राकाठच्या खडकांवरून. वाडी साडूवर उलटली. "तुझ्या चायेन आमची वाट गेली!" असं म्हाताऱ्याही त्याला तोंडावर ऐकवत. माझी बायको मला म्हणे, "एक दिवस वाजवल्यात तर काय हात झडतले?" मी ढोलाकडे बघायचो आणि ओझं उचलून खडकांची वाट धरायचो. साडू मात्र अंकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून यायचा, शिव्या खायचा आणि जाताना म्हाताऱ्यांची ओझी खडकांवरून उतरवून द्यायचा. जत्रा ढोलाविना झाली. पुढे लावणीचे दिवस आले. गावकाराच्या मळ्यात उतरायला आमच्या वाडीतली माणसं मिळेनात, आणि एका सकाळी ती वय तिथे नव्हती. कोणी काढली ते कोणी विचारलं नाही. साडूने त्यावर दोनच ओळी छापल्या आणि पहिला अंक गावकाराला नेऊन दिला. ह्या खेपेला चहा कपातून आला. "भिंतीवर लावूक काय गावला नाय," म्हणून साडू वाटभर कुरकुरत होता.

शेवटी छातीने दगा दिला. मशीनवर पाय चालेना. एका संध्याकाळी धापा टाकत माझ्या अंगणात येऊन बसला आणि वाशाकडे बघून म्हणाला, "काढ तो खाली."

"तूच लिवलंस मा माझ्यार?"

"तां हुकमाचा लिवलंय. ढोलान माझा काय खाल्ल्यान? देवासाठी नको, गावकारासाठी नको, माझ्यासाठीपण नको. तुका वाजवूचो आसा तर वाजव."

मी माडाची सुकी चुडतं पेटवून चामडं शेकलं आणि सुरू केलं. हात काही विसरले नव्हते. पण जन्मभर कोणाच्या तरी हाताकडे बघून थांबायची सवय. मी साडूच्या हाताकडे बघितलं. शाईने काळी झालेली बोटं मांडीवर ताल धरून होती. त्याचा हात काही उठेना.

"कदी थांबू रे?"

"माका कित्याक इचारतंस?" डोळे मिटूनच तो म्हणाला.

साडू गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. करट्या त्याच्या बायकोने चुलीत घालायला काढल्या होत्या, त्या मी आणून माझ्या पडवीत टांगल्या आहेत. अंगणात ढोल काढला की अजून त्याच्या बसायच्या जागेकडे नजर जाते. तिथून हात काही उठत नाही. मग मी वाजवत राहतो.