जिन्यातलं अभिनंदन

इजिप्तमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर मी खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन शेजाऱ्यांचं चक्क अभिनंदन केलं. अमेरिकेनं शस्त्रं अडवली, तर रशिया विमानं घेऊन दारात हजर; मग अमेरिकाही नरमली. दोघंही तिथल्या सेनापतींची मनधरणी करतायत म्हटल्यावर मला वाटलं, माणूस खूश असेल.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आमची असली, तरी हे गृहस्थ आमच्याही पायऱ्या झाडायचे. माझ्या जागतिक राजकारणावरच्या व्याख्यानाला मान वर न करता "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणायचे. असा श्रोता घरात मिळत नाही, म्हणून मी जिन्यात रेंगाळायचो.

त्या दिवशी मात्र झाडू थांबला. "माझा धाकटा भाऊ सक्तीच्या सैन्यसेवेत रणगाडे दुरुस्त करतो," ते म्हणाले. "आता सुटायचा होता. पण नवी शस्त्रं येणार, म्हणून मेकॅनिकांना सोडत नाहीत. अमेरिका-रशिया दोघांपैकी कोणीच काही देऊ नये, अशी आई रोज दुवा मागते."

मग त्यांनी माझ्या पायांभोवतीचा केर तेवढा हळूच काढून घेतला.

वर येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, रशियन विमानांच्या नावांसकट.

"अहो, विमानं राहू द्या," ती म्हणाली. "त्या भावाचं नाव काय?"